गाणाऱ्यांची सहल आणि अचानक पडलेला बर्फ: वृंदगान पथकासाठी सविस्तर मार्गदर्शन

मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळी सव्वासहाला खोलीतल्या मावशींनी मला हलवून उठवलं आणि म्हणाल्या, "अगं, बाहेरचा आवाज गेलाय." मला वाटलं, त्यांचाच घसा बसलाय. त्यांनी नुसता पडद्याकडे हात केला. आदल्या रात्रीपर्यंत कार्ट रोडवरून ऐकू येणारे हॉर्न, कुत्र्यांचं भुंकणं, पन्हळीतून गळणारं पाणी, सगळं थांबलं होतं. पडदा सरकवला तर समोरचे देवदार पांढरे झालेले आणि गॅलरीच्या कठड्यावर चार बोटं बर्फ.

आमचं पुण्याचं वृंदगान पथक सिमल्याला आलं होतं. एकूण 26 जण. सर्वांत लहान मुलगी 19 वर्षांची, सर्वांत मोठे काका 72 वर्षांचे. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता आणि हा दिवस फक्त फिरण्याचा. अंदाज पावसाचा होता, बर्फाची कल्पना कुणालाच नव्हती. आमच्यातल्या 19 जणांनी आयुष्यात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. ओंजळ पुढे करून उभे असलेले काका मला आजही दिसतात. आधी साबुदाण्यासारखे टणक दाणे पडत होते, ते कोटावरून टपटप उड्या मारत होते. अर्ध्या तासात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके सुरू झाले, तेव्हा काका एक शब्दही बोलले नाहीत.

त्या दिवशी काही गोष्टी बरोबर जमल्या, काही चुकल्या. त्यानंतर दोनदा पथक घेऊन डोंगरात गेले आणि आता माझा क्रम पक्का झाला आहे. तो इथे सांगते. उदाहरणं सिमल्याची आहेत, कारण ते गाव मला पायाखालचं आहे. मात्र क्रम कुठल्याही डोंगरी गावात चालेल. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: बर्फात आवाज बसतो तो थंडीने कमी, ओरडण्याने जास्त. हे एकदा मनात ठसलं की पथकाला बर्फाचा आनंद मोकळेपणी घेऊ देता येतो. "घसा सांभाळा, आत बसा" असं म्हणत सगळ्यांना खोलीत कोंडायची गरज पडत नाही.

पायरी 1: कार्यक्रमपत्रिकेत अर्धा दिवस कोरा ठेवा

सहल आखताना आपण प्रत्येक तास भरतो. नऊला हे, अकराला ते, दीडला जेवण. डोंगरात जाताना असं करू नका. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निदान अर्धा दिवस कुठल्याही नावाशिवाय मोकळा सोडा आणि परतीच्या गाडीआधी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. आमच्या प्रवास व्यवस्थापकांनी दिवस इतका घट्ट आखला होता की बर्फ पडल्यावर त्यातलं काय सोडायचं यावर सकाळचा एक तास वादात गेला. बर्फ पडत असतानाचा तो तास परत मिळत नाही.

हवामानाचं थोडं गणित व्यवस्थापकाला यायलाच हवं. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला हिमाचलात जो पाऊस-बर्फ पडतो तो मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्या उत्तरेकडच्या डोंगरांना येऊन भिडतात. मार्चमध्येही त्या येतात, म्हणून "आता थंडी सरली" असं गृहीत धरून चालत नाही. दुसरं, उंची. वर चढताना तापमान दर किलोमीटरला साधारण 6.5 अंशांनी उतरतं. डोंगराच्या पायथ्याचं कालका, जिथून सिमल्याची छोटी रेल्वे निघते, सुमारे 650 मीटरवर आहे आणि सिमल्याचं रिज मैदान सुमारे 2200 मीटरवर, म्हणजे दोन्हींत दहा अंशांचा फरक सहज पडतो. कालक्याला तुम्ही स्वेटर कमरेला बांधून पावसात उभे असता, तेव्हा वर तोच पाऊस बर्फ होऊन पडत असू शकतो. भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज सकाळ-संध्याकाळ ते बघा. "पाऊस" लिहिलं असेल आणि रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांच्या आसपास असेल, तर बर्फाची तयारी ठेवा.

उंचीचा परिणाम श्वासावरही होतो. 2200 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 77 टक्के असतो. बसून बोलताना काही जाणवत नाही, पण चढ चढून आल्यावर लगेच लांब ओळ एका श्वासात घ्यायला गेलात की ती अर्ध्यात तुटते. कार्यक्रमातल्या लांब ओळींना श्वासाच्या जादा जागा पुण्यातच ठरवून ठेवा. वह्यांवर पेन्सिलीने खूण करा आणि शेजारच्या दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही, हेही पक्कं करा.

पायरी 2: बॅगेत काय

आपल्याकडची मंडळी थंडीचे कपडे म्हणून एक जाडजूड स्वेटर घेतात. बर्फात त्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे: आत थर्मल, मध्ये लोकर, वर पाणी आत न शिरणारं जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. मोजे लोकरीचेच घ्या, माणशी तीन जोड.

बर्फातले बूट पथकातल्या प्रत्येकाकडे असणं शक्य नाही, आणि अचानक पडलेल्या बर्फात तर नाहीच. सिमल्याजवळच्या कुफ्रीसारख्या ठिकाणी गमबूट भाड्याने मिळतात, पण हॉटेलच्या दारातून तिथपर्यंत आपल्याच बुटांनी जायचं असतं. यावर एक साधा उपाय आहे. कोरडा मोजा घालायचा, त्यावर दुधाच्या पिशवीसारखी धड प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि मग बूट. बूट भिजला तरी पाऊल कोरडं राहतं. व्यवस्थापकाने अशा साठ-सत्तर पिशव्या सोबत नेल्या तर पूर्ण पथकाचा एक दिवस निघतो. त्या दिवशी आम्ही हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पिशव्या मागून आणल्या आणि व्हरांड्यात सगळ्यांना ओळीने बसवून पायांत चढवल्या.

बाकीची यादी पटकन सांगते: कानटोपी, मफलर (मऊ, तोंडावर ओढता येईल असा), हातमोज्यांचे दोन जोड, काळा चष्मा (ऊन पडलं की बर्फावरची तिरीप डोळ्यांत घुसते), व्हॅसलिन, थर्मास, पॉवर बँक. घशासाठी सुंठ, ज्येष्ठमध, खडीसाखर आणि चार लवंगा. ज्यांना दमा आहे त्यांनी पंप बॅगेत ठेवू नये, जाकिटाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवावा. थंड कोरडी हवा दम्याला डिवचते आणि गार पडलेल्या पंपातून औषधही नीट सुटत नाही.

पायरी 3: बर्फ पडलेल्या सकाळचा पहिला तास

सगळे पळत बाहेर जाणार, हे गृहीत धरा. त्यांना अडवू नका, पण वीस मिनिटं मागून घ्या. आमच्या पथकात आता ठरलेला नेम आहे: आधी गरम पाणी, मग नाश्ता, मग गुंजन, मग बाहेर.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी पोटात जात नाही आणि संध्याकाळपर्यंत आवाज सुकतो. प्यालेलं पाणी थेट स्वरयंत्रावर पडत नाही. ते आधी शरीरात मुरतं, मग तिथला ओलावा राखतं. म्हणून संध्याकाळी गायचं असेल तर सकाळपासून प्या. प्रत्येकाने एक मोठा पेला कोमट पाणी पिऊन दाखवल्याशिवाय दार उघडायचं नाही.

नाश्ता भरपेट हवा. सिमल्यात सिड्डू मिळाला तर जरूर घ्या. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा हा उकडलेला पदार्थ तुपाची धार सोडून खातात. गरम असतो, पोटात राहतो आणि घशाला त्रास देत नाही.

मग पाच मिनिटं गुंजन, आपापल्या खर्जात, ओठ मिटून. ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली. पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढत सूर धरायचा व्यायाम येत असेल तर उत्तम. गायचं नसलं तरी हे करा, कारण पुढच्या दोन तासांत हसणं, हाका मारणं, किंचाळणं हे सगळं होणार आहे आणि ते थंड घशाने होऊ नये.

याच वेळी जोड्या पाडा. तरुणाबरोबर ज्येष्ठ, अशा. डोंगरी गावात आणि त्यात बर्फात 26 जण एकत्र राहत नाहीत. मोजणीसाठी आम्ही क्रमांक दिले होते. मी "एक" म्हणायचं, की पुढे "दोन", "तीन" असं 26 पर्यंत जायचं. कुठे साखळी तुटली की कोण नाही ते लगेच कळतं.

पायरी 4: काय बघायचं, काय सोडायचं

बर्फाच्या दिवशी गाडीने लांब जायचं सोडून द्या. कुफ्री सुमारे 2700 मीटरवर आहे, तिथे बर्फ जास्त असतो म्हणून सगळे तिकडेच धावतात. मग वाटेवरच्या ढल्लीपासून पुढे गाड्यांच्या रांगा लागतात. ज्या पथकाला दुसऱ्या दिवशी गायचं आहे त्याने चार तास गाडीत अडकू नये, हे माझं ठाम मत आहे. आपल्या पायाशी बर्फ पडलाय, तो बघायला आणखी कुठे जायचं?

सिमल्याचं भाग्य असं की जुनं गाव चालण्यासाठीच आहे. मॉल रोड आणि रिजवर सामान्य वाहनांना बंदी आहे. कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे. ज्येष्ठांना तिनेच आणा, जिने चढवू नका. रिजच्या पूर्व टोकाला क्राइस्ट चर्च आहे, 1857 साली पूर्ण झालेलं. फिकट पिवळ्या भिंतींचं हे चर्च बर्फात उजळून निघतं. आत मोठा पाइप ऑर्गन आहे. गाणाऱ्याने तो बघावा, पण प्रार्थनेची वेळ पाळून आणि आवाज न करता.

तिथून मॉलवर उतरलं की गेयटी थिएटर. 1887 सालची वास्तू, हेन्री आयर्विनच्या आराखड्यानुसार बांधलेली. ध्वनिवर्धक नव्हते त्या काळातलं नाट्यगृह आहे हे. आत जाऊ दिलं तर मधल्या रांगेत उभं राहून एकाला रंगमंचावरून हळू बोलायला सांगा. आवाज कसा चालत येतो ते कानांनी बघा. बर्फातून आत आल्यावर तर फरक अंगावर येतो. असं का, ते सहाव्या पायरीत सांगते.

आमच्या यादीत व्हाइसरॉयचं निवासस्थानही होतं. 1888 साली बांधलेली ही वास्तू आता भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे आणि 1945 ची सिमला परिषद इथेच भरली होती. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आम्ही ते सोडलं आणि त्याची खंत वाटली नाही. जाखू टेकडीवरचं हनुमान मंदिर 2455 मीटरवर आहे. चढ उभा आहे आणि बर्फात निसरडा होतो. रोपवे सुरू असेल तर जा, पायी जाऊ नका. तिथली माकडं चष्मे ओढून नेतात. चष्मा गेला तर दुसऱ्या दिवशी वहीतली अक्षरं दिसायची नाहीत, हे चष्मेवाल्या गायकांना आधीच सांगून ठेवा.

पायरी 5: खेळू द्या, पण ओरडू देऊ नका

बर्फाचे गोळे, घसरगुंडी, वेडावाकडा बाहुला, सगळं होऊ द्या. आमच्या 72 वर्षांच्या काकांनी बाहुल्याला स्वतःची कानटोपी घातली आणि मग अर्धा तास ती परत मागायचं धैर्य त्यांना होईना.

सांभाळायचं ते फक्त किंचाळणं. थंड कोरड्या हवेत तोंडाने भराभर श्वास घेत जोरात ओरडलं की स्वरतंतू सुजतात. आमच्या उंच स्वरातल्या दोघी मुली सकाळी दोन तास खेळल्या. दुपारी एक जण जवळ आली आणि कुजबुजत म्हणाली, "ताई, माझा वरचा सा लागत नाहीये." दुसरीला काहीच झालं नव्हतं. थंडी दोघींना सारखीच होती. पहिली दोन तास हाका मारत होती, दुसरी नुसती हसत होती.

यावर आम्ही आता खेळ लावतो: ज्याला गोळा लागेल त्याने ओरडायचं नाही, टाळी द्यायची. हातमोज्यांतल्या टाळीचा आवाज फुसका येतो आणि त्यावरच सगळे हसतात. लांबच्या माणसाला बोलवायला शिट्टी ठेवा. हसताना मफलर तोंडावर असू द्या, श्वास नाकाने घ्या. नाक हवेला गरम आणि ओली करूनच आत सोडतं, तोंड ते काम करत नाही.

आवाज बसलाच तर कुजबुजू नका. कुजबुजण्याने घसा आणखी ताणला जातो. एक तर हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला, नाही तर गप्प राहा. त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मौन दिलं, दोनदा साध्या पाण्याची वाफ दिली आणि कार्यक्रमात तिच्या ओळी दुसरीकडे वाटून दिल्या.

बर्फ खाण्याचा मोह सगळ्यांना होतो. रस्त्याकडेचा बर्फ खाऊ नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं. गोळ्याची हौस पुण्यात भागवता येते. ऊब यावी म्हणून कुणी रम पुढे केली तर तीही नको. दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, पण अंगातली खरी ऊब त्याच वाटेने बाहेर जाते.

पायरी 6: बर्फात गाणं

इथवर आल्यावर कुणीतरी म्हणणारच, "एक गाणं होऊन जाऊ दे." होऊ द्या. पण आधी ऐका.

मी सगळ्यांना रिजच्या कडेला उभं केलं आणि दोन मिनिटं काहीही न करता उभं राहायला सांगितलं. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. लाखो बारीक पोकळ्या असतात, त्यांत आवाज शिरतो आणि तिथेच जिरतो. भिंतीवरून, फरशीवरून जो परत यायचा तो येतच नाही. शेजारच्याच्या जाकिटावर पुंजका पडल्याचा बारीक आवाज आला तेव्हा एक मावशी डोळे पुसत होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. शब्द त्यांचेच, "ऐकली".

याच गुणामुळे बर्फात गाणं अवघड होतं. हॉलमध्ये 26 आवाज भिंतींवरून परत येऊन एकमेकांत मिसळतात आणि आपण त्या मिसळीवर सूर टेकवतो. ताज्या बर्फात ती मिसळ नाहीशी होते. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच गातोय, आवाज पोहोचत नाही. मग प्रत्येक जण जोर लावतो आणि तीन मिनिटांत पथक थकतं. आमचंही पहिल्या गाण्यात तेच झालं. वरचे आवाज ताणले, खालचे ऐकूच येईनात, सूर चढत गेला. गाणं मध्येच थांबवलं आणि रचना बदलली.

उभं राहायचं ते घोड्याच्या नालासारखं, दोन ओळींत, खांद्याला खांदा लावून. नालाची दोन्ही टोकं इतकी आत वळवा की टोकावरचे लोक एकमेकांचे चेहरे बघतील. खर्जातले आवाज मधोमध. दिग्दर्शकाने नालाच्या आत, दोन पावलांवर उभं राहायचं. पाठीमागे दगडी भिंत मिळाली तर घ्या, ती थोडा आवाज परत देते. पण उतरत्या पत्र्याच्या छपराखाली कधीही उभं राहू नका. साचलेला बर्फ एकदम घसरून खाली येतो, आणि तो मऊ नसतो. देवदाराच्या वाकलेल्या फांद्यांखालीही नको.

पट्टी खाली घ्या. काळी दोनमधलं गाणं काळी एकात. पहिलं गाणं सर्वांनी एका सुरात म्हणायचं असावं, वेगवेगळ्या स्वरओळींचं नंतर. ओळी आखूड असाव्यात, म्हणजे दोन ओळींच्या मध्ये नाकाने श्वास घ्यायला सवड मिळते. अभंगाची चाल यासाठी फार चांगली. ध्रुवपद सर्वांनी, कडवं दोघांनी, तोवर बाकीचे श्वास घेतात. आवाज नेहमीच्या निम्मा ठेवा. "लांबच्याला ऐकू जाऊ दे" हा विचार सोडा, शेजारच्याला ऐकू जाऊ दे. कानटोपी एका कानावरून वर सरकवा, नाही तर स्वतःचाच सूर कळत नाही. दहा मिनिटांत आवरा. दोन गाणी झाली की पुरे.

ठेक्यासाठी चिपळ्या. टाळ गार पडतो आणि हातमोजे घालून वाजवला तर त्याची आस दबते. चिपळ्यांचं लाकूड बर्फातही स्पष्ट बोलतं. आमच्याकडे एकच जोडी होती. त्या जोडीवर निम्म्या आवाजात म्हटलेला अभंग ऐकायला चहावाला टपरी सोडून येऊन उभा राहिला.

रिजवर ध्वनिवर्धक लावून किंवा जाहीर करून काही करायचं असेल तर स्थानिक प्रशासनाला आधी विचारावं लागतं. आपण कडेला, विनामाईक, दोन गाणी म्हणून निघतो आहोत हे तिथल्या पोलिसांना जाऊन सांगा. वाट अडवू नका.

आणि हे ध्वनिमुद्रण जरूर करा. भोवतालचा आवाज इतका कमी पुन्हा मिळत नाही. फोन अंगाशी आतल्या खिशात ठेवा, गाण्याआधी बाहेर काढा. थंडीत बॅटरी अर्धी दिसत असतानाच फोन बंद पडतो. माईकच्या भोकावर पातळ कापसाचा थर लावला तर वाऱ्याचा घरघराट कमी होतो.

पायरी 7: वाद्यं बाहेर नेऊ नका

पेटी आणि तबला बर्फात न्यायचा हट्ट कुणी केला तर नाही म्हणा. तबल्याची पुडी ओलाव्याने सैलावते आणि सूर उतरतो. नंतर हीटरच्या खोलीत ती ताणली जाते आणि सूर चढतो. असं दिवसातून दोनदा झालं की कार्यक्रमाआधी हातोडी घेऊन बसणाऱ्या तबलजीची कीव येते. पेटीचं दुखणं वेगळं. गार पेटी गरम खोलीत आणून लगेच उघडली तर चष्म्यावर वाफ धरते तशी ती सुरांच्या पितळी पट्ट्यांवर धरते. बाहेरून आणलेली पेटी डब्यासकट दीड-दोन तास तशीच ठेवा, मगच उघडा.

बासरीवाल्यांसाठी: शून्य अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 331 मीटर असतो, 25 अंशांना 346. वेग कमी की सूर खाली, गार बासरी म्हणूनच उतरलेली बोलते. फुंकरीने ती हळूहळू गरम होते आणि सूर वर येतो. वाजवण्याआधी बासरी जाकिटात काखेजवळ धरून ठेवा.

पायरी 8: खोलीवर परतल्यावर

आधी मोजे बदला, मग चहा. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात.

हीटर खोली गरम करतो तशी ती कोरडीही करतो. पसरट भांड्यात पाणी ठेवा किंवा खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल टाका. झोपताना हीटर बंद केलेला बरा, पांघरूण वाढवा. आणि कृपा करून ही एक गोष्ट कुणाच्याही भिडेखातर सोडू नका: बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगिठी पेटवायची नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंड प्रदेशात दर हिवाळ्यात अशाने माणसं दगावतात. रात्री झोपण्याआधी मी प्रत्येक खोलीचं दार वाजवून स्वतः बघते.

बर्फात वीज जाते आणि पहाटे नळ गोठतात. संध्याकाळीच बादल्या भरून ठेवा, थर्मास भरा, फोन चार्ज करा. रियाज असेल तर अर्धा तास, बसून, निम्म्या आवाजात.

पायरी 9: दुसरी सकाळ, जिथे खरा धोका आहे

पडताना बर्फ माणसाला सांभाळून घेतो. दुसऱ्या सकाळी तोच बर्फ तुडवून, थोडा वितळून, रात्री गोठून काचेसारखा झालेला असतो. आमच्यातली एक जण हॉटेलच्या पायऱ्यांवर घसरली आणि मनगट मुरगळलं. पायऱ्यांवर कुणी मीठ किंवा राख टाकलेली नव्हती, आणि मीही ते आदल्या रात्री विचारलं नव्हतं. आता विचारते. हॉटेलात राख किंवा वाळू नसेल तर खडेमीठ मागून घ्या आणि पहाटे तुमच्या वाटेपुरतं तरी टाका.

चालताना पाऊल सपाट टाका, लहान टाका, टाच आधी टेकवू नका. हात खिशात नकोत. कार्यक्रमाच्या रेशमी साड्या आणि कोल्हापुरी चपला पिशवीत न्यायच्या, सभागृहात बदलायच्या. उतारावर पुढच्याचा खांदा धरून साखळी करू नका, एक घसरला की सगळे घसरतात.

ऊन निघालं की त्या दिवशी पुन्हा एकदा बाहेर जाऊन एकच ओळ म्हणून बघा. बर्फावर कडक पापुद्रा धरलेला असतो आणि आता तो आवाज शोषत नाही, परतवतो. तीच जागा, तोच नाल, पण निम्म्या आवाजातही सगळे एकमेकांना ऐकू येतात. आमच्या काकांनी तिथे खर्ज लावला आणि समोरच्या उतारावरून तो क्षणभराने परत आला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा वाट बघितली.

परतीसाठी शक्य असेल तर रेल्वे घ्या. बर्फाने रस्ते बंद झाले तरी कालका-सिमला गाडी पुष्कळदा चालू असते. 1903 साली सुरू झालेला हा 96 किलोमीटरचा अरुंद मार्ग 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाली उतरायला पाच-सहा तास लागतात. पेटी आणि तबला मांडीजवळ घ्या, खिडकीच्या बाजूला नको. बोगद्यांत शिरण्याआधी खिडक्या लावून घ्या, थंड हवा आणि धूळ घशात जाते. वाटेत बडोगला, सगळ्यांत लांब बोगद्याच्या तोंडाशी, गाडी थोडा वेळ थांबते आणि चहा मिळतो. थर्मल आणि जादा मोजे काढून बॅगेच्या तळाशी टाकायला हीच जागा चांगली, कालक्याला उतरल्यावर स्वेटरसुद्धा नकोसा होतो.